हुबेहूब म्हणजे नेमके काय? पितळी रेल्वे इंजिनांची एक तपासणी

रेल्वेच्या लहान प्रतिकृती जमवणाऱ्या आणि चालवणाऱ्या मंडळींच्या बोलण्यात 'ब्रास' हा शब्द येतो, तेव्हा तो नुसत्या धातूबद्दल नसतो. पितळेचा पत्रा, तार आणि ओतीव भाग हाताने जुळवून, झाळून तयार केलेले इंजिन म्हणजे 'ब्रास'. खऱ्या इंजिनावरची प्रत्येक नळी, प्रत्येक झडप, रिव्हेटांची प्रत्येक रांग त्यावर दिसते. प्लास्टिकच्या किंवा जस्ताच्या ओतीव इंजिनापेक्षा त्याची किंमत बहुधा बरीच जास्त असते आणि ती मोजण्याचे कारण विचारले, की उत्तर ठरलेले असते : ते हुबेहूब आहे म्हणून. या लेखात आम्हांला या एका शब्दाची तपासणी करायची आहे. शाळेत आपण 'मॉडेल' हा शब्द रोज वापरतो, विद्यार्थ्यांकडून मॉडेले करून घेतो आणि त्यांना गुणही देतो. तेव्हा हा प्रश्न चार हौशी श्रीमंतांपुरता मर्यादित नाही.

आधी थोडा इतिहास. १९४५ नंतर जपानमध्ये तळ ठोकून असलेल्या अमेरिकी सैनिकांना तिथल्या कारागिरांच्या हातची छोटी इंजिने दिसली. त्यातून एक व्यापार उभा राहिला. टोकियोच्या गिन्झा भागातील तेन्शोदो आणि 'युनायटेड' हे नाव लावणारे कारखाने इंजिने बनवत. पॅसिफिक फास्ट मेलसारखे अमेरिकी आयातदार त्यांना आराखडे आणि छायाचित्रे पाठवत व माल विकत. १९७१ पर्यंत एका डॉलरला ३६० येन हा दर बांधलेला होता, म्हणून जपानी हातकाम अमेरिकी ग्राहकाला परवडत होते. पुढे येन महागला, जपानमधील मजुरी वाढली आणि हे काम दक्षिण कोरियात गेले. सामहोंगसा हे तिथले नावाजलेले नाव. त्यानंतर ते चीनमध्येही पोचले.

पितळच का, याचे उत्तर धातुशास्त्रात आहे तसेच हिशेबाच्या वहीतही आहे. पितळ गंजत नाही, त्याचा पातळ पत्रा सहज लाटता येतो, फेरिक क्लोराइडच्या द्रावणाने त्यावर बारीक नक्षी कोरता येते आणि कथिल-शिशाचा डाख त्याला १८३ अंश सेल्सिअसच्या पुढे लगेच धरतो. प्लास्टिकच्या इंजिनासाठी पोलादी साचा लागतो. तो इतका महाग असतो, की हजारोंनी नग विकले तरच त्याचा खर्च निघतो. पितळेला तसा साचा लागत नाही. त्यामुळे एखाद्या आडवाटेच्या रेल्वे कंपनीच्या विस्मृतीत गेलेल्या इंजिनाचे दोन-तीनशे नग काढणेही शक्य होते. घंटा, पंप, दिवे असे भाग मेणाच्या नमुन्यावरून ओततात. ही मेणसाच्याची रीत आपल्याकडे बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात मूर्तींच्या संदर्भात वर्णन केलेली आहे, हे जाता जाता सांगण्यासारखे.

आता हुबेहूबपणाकडे वळू. उदाहरणासाठी युनियन पॅसिफिक रेल्वेचे 'बिग बॉय' हे इंजिन घेऊ. १९४१ आणि १९४४ मध्ये अशी एकूण २५ इंजिने बांधली गेली आणि त्यांच्या प्रतिकृती आजवर अनेकांनी काढल्या आहेत. टेंडर धरून खऱ्या इंजिनाची लांबी सुमारे ४०.५ मीटर. एचओ या सर्वाधिक प्रचलित प्रमाणात, म्हणजे १:८७.१ मध्ये, ती साडेशेचाळीस सेंटीमीटर होते. १७२७ मिलिमीटर व्यासाचे चालक चाक १९.८ मिलिमीटरचे होते. सव्वा इंची कठड्याचा दांडा ०.३६ मिलिमीटरच्या तारेने दाखवावा लागतो आणि चांगल्या प्रतिकृतीत तो जवळजवळ तसाच असतो. इथवर 'हुबेहूब' ही पदवी योग्य आहे. कारागिरांचे हात खरोखर असामान्य होते, यात आम्हांला तिळमात्र शंका नाही.

पण चाकाच्या कडेला मोजपट्टी लावली, की चित्र पालटते. खऱ्या चाकाची रुंदी सुमारे १४० मिलिमीटर, म्हणजे एचओमध्ये १.६ मिलिमीटर व्हायला हवी. अमेरिकेच्या राष्ट्रीय मॉडेल रेल्वे संघटनेने (स्थापना १९३५) शिफारस केलेले नेहमीचे चाक २.८ मिलिमीटरचे आहे. ते ८७.१ ने गुणले, तर २४३ मिलिमीटर रुंदीचे बोजड चाक मिळते. चाक रुळावरून घसरू नये म्हणून त्याला जी आतली कड असते, ती तर प्रमाणाच्या दुपटीहून अधिक खोल असते. इंजिनचालकाच्या खोलीचा पत्रा खऱ्या इंजिनात सुमारे ६ मिलिमीटर जाडीचा. प्रतिकृतीत तो ०.०७ मिलिमीटरचा हवा. एवढ्या पातळ पत्र्याची खोली बोट लागताच चेपेल, म्हणून तो पाचपट जाड घेतात. खिडकीच्या कडेकडे नीट पाहिले, की ही जाडी उघडी पडते.

हे दोष कारागिराचे नाहीत. घरातल्या रुळाचे सांधे आणि चढउतार प्रमाणात लहान होत नाहीत. लाकडी फळीवरची अर्ध्या मिलिमीटरची उंचसखल जागा इंजिनाच्या जगात सुमारे ४.४ सेंटीमीटरचा खड्डा ठरते. त्यात वळणेही तीव्र. 'बिग बॉय'चा आराखडा सुमारे ८८ मीटर त्रिज्येच्या वळणापर्यंतचा होता. एचओमध्ये ती त्रिज्या एक मीटर होते. घरातील टेबलांवर मात्र ४६ ते ६१ सेंटीमीटर त्रिज्येची वळणे सर्रास असतात. म्हणून खऱ्या इंजिनात चाकांचा फक्त पुढचा संच वळतो आणि मागचा बाष्पकाशी जखडलेला असतो, तर काही प्रतिकृतींत दोन्ही संच वळते ठेवतात. काही चिकाटीचे लोक अगदी प्रमाणातली चाके वापरतात. पण मग प्रत्येक रूळ घड्याळजीच्या निगुतीने बसवावा लागतो.

रुळांमधल्या अंतराची कथा याहून मजेदार आहे. अमेरिकेतील ओ प्रमाण १:४८ चे, आणि त्याचे रूळ सव्वा इंच अंतरावर. गुणाकार करून पाहा : बरोबर पाच फूट येतात. खरे अंतर चार फूट साडेआठ इंच. ब्रिटनमध्ये इंजिने मुळात लहान असल्याने त्या काळच्या मोटारी एचओच्या डब्यात मावेनात. तेव्हा डबा मोठा केला, रूळ मात्र तेच १६.५ मिलिमीटरचे ठेवले. परिणामी ब्रिटिश ओओ प्रमाणातली गाडी १४३५ ऐवजी १२५७ मिलिमीटर अंतराच्या रुळांवर धावते. भारतीय ब्रॉडगेजची गाडी १:८७ मध्ये करून तयार मिळणाऱ्या १६.५ मिलिमीटरच्या रुळावर चढवली, तर तीही जवळजवळ २४ सेंटीमीटरने आखूड पायांवर उभी असते. आवश्यक १९.२ मिलिमीटर अंतराचे रूळ स्वतः बसवावे लागतात. एकदा प्रमाणभूत म्हणून मान्य झालेली चूक किती दीर्घायुषी असते, याचा हा एक चांगला नमुना.

तरीही आकाराची ही कुरबूर फार ताणण्यात अर्थ नाही. प्रतिकृतीची खरी परीक्षा ती हलू लागली, की होते. आणि आमच्या मते पितळी इंजिनांची स्तुती करणारे बहुतेक लेखन नेमके इथेच गप्प बसते. (याला एक सन्माननीय अपवाद : १९३४ पासून निघणाऱ्या 'मॉडेल रेलरोडर' या अमेरिकी मासिकातील परीक्षणांत इंजिनाची ओढ आणि ठरावीक व्होल्टेजला मिळणारा वेग मोजून देण्याची प्रथा आहे.)

ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. लांबी ८७.१ पट लहान केली, तर प्रतिकृती सेकंदाला ३२ सेंटीमीटर धावली पाहिजे. गंमत अशी, की चाकही तितकेच लहान झालेले असल्याने चाकाचे फेरे मात्र तेवढेच राहतात : दोन्हीकडे मिनिटाला सुमारे ३०७. इथवर सगळे जुळले. आता वाफ बंद करा. समजा खरे इंजिन वाहवत जाऊन पाच किलोमीटरवर थांबले. प्रतिकृतीने ५७ मीटर जायला हवे. पण वाहवत जाण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग ८७.१ पट कमी झाला, म्हणून अंतर ८७.१ चा वर्ग, म्हणजे सुमारे ७,५८६ पट कमी होते. घर्षणाचा गुणांक दोन्हीकडे तोच मानला, तरी प्रतिकृती ६६ सेंटीमीटरवर थांबेल. प्रत्यक्षात छोट्या आसांचे घर्षण वजनाच्या मानाने सुमारे दहापट असते. म्हणजे राहिले सहा-सात सेंटीमीटर. पाचशे टनांचे धूड भासणारे ते यंत्र वीज तोडताच खुंटीला बांधल्यासारखे थबकते. गुरुत्वाकर्षण कोणी ८७ पट कमीजास्त केलेले नाही, हे त्याचे मूळ कारण.

हा गुंता सोडवणारा माणूस मूळचा रेल्वेचाच अभियंता होता. विल्यम फ्रूड यांनी तरुणपणी ब्रूनेल यांच्या हाताखाली ब्रिस्टल-एक्सेटर मार्गावर काम केले आणि १८७० च्या दशकात टॉर्की येथे जहाजांच्या प्रतिकृती पाण्यात ओढून पाहण्यासाठी एक लांब टाकी उभारली. त्यांची जहाजे पॅराफिन मेणाची असत. डोलकाठी नाही, खोल्या नाहीत, रंग नाही. नुसते बुडाचे आकार. पण वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवला, तर लाटांमुळे होणारा विरोध मेणाच्या बुडावरून खऱ्या जहाजासाठी काढता येतो, हे त्यांनी दाखवले. हाच नियम आमच्या इंजिनाला लावला, तर ते ८७.१ च्या वर्गमुळाने, म्हणजे ९.३ पटीने कमी वेगाने जावे लागेल. ताशी जवळजवळ ११ किलोमीटर! टेबलावर हा वेग ताशी ९३० किलोमीटरसारखा भासेल आणि पहिल्याच वळणावर हजारो रुपयांचे पितळ जमिनीवर येईल. फ्रूड यांचे मेण दिसायला जहाजासारखे नव्हते, वागायला होते. पितळी इंजिनाचे याच्या बरोबर उलट आहे.

म्हणूनच ही इंजिने काचेच्या कपाटात ठेवणाऱ्यांपेक्षा ती उघडून सुधारणारी मंडळी आम्हांला अधिक जवळची वाटतात. जुन्या जपानी इंजिनांचे बाह्यांग जितके देखणे, तितके आतले यंत्र सामान्य. उघड्या चौकटीची मोटर भरपूर वीज खाते, जुनी झाल्यावर तिचे चुंबक दुबळे होते व भूक आणखी वाढते, दंतचक्रे खरखरतात. सुधारणा करणारा माणूस तिथे बंदिस्त, कमी विजेवर चालणारी मोटर आणि सुबक दंतचक्रपेटी बसवतो. गुणोत्तर समजा ३०:१. चाकाचे ३०७ फेरे हवे असतील, तर मोटरचे सुमारे ९,२०० होतात. या पेटीत मळसूत्री दंतचक्र असते आणि त्याचा स्वभाव एकेरी : मोटर चाकांना फिरवते, पण चाके मोटरला फिरवू शकत नाहीत. वीज गेली, की चाके जणू कुलूपबंद होतात. म्हणजे इंजिनाच्या अंगचे जडत्व कामालाच येत नाही.

यावर उपाय म्हणजे मोटरच्या दांड्यावर, मळसूत्राच्या अलीकडे, पितळेचे फ्लायव्हील बसवणे. हा हिशेब अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी जरूर करावा. ३० ग्रॅम वजनाचे, ८ मिलिमीटर त्रिज्येचे भरीव चक्र घेऊ. 'बिग बॉय'च्या बाष्पकात ते सहज मावते. मिनिटाला ९,२०० फेऱ्यांना त्यात साठलेली गतिज ऊर्जा सुमारे ०.४५ ज्यूल येते. आता संपूर्ण इंजिनाची काढू. कोळसा-पाण्यासह खऱ्या इंजिनाचे वजन सुमारे ५४८ टन, ते ८७.१ च्या घनाने भागले, की ८३० ग्रॅम. हे वजन सेकंदाला ३२ सेंटीमीटरने जात असता त्याची ऊर्जा भरते जेमतेम ०.०४२ ज्यूल. अंगठ्याच्या पेराएवढे चक्र सबंध इंजिनाच्या दहापट ऊर्जा बाळगून असते! कारण ऊर्जा फेऱ्यांच्या वर्गाने वाढते आणि तीसचा वर्ग नऊशे. मोटर आणि दंतचक्रे त्यातला मोठा वाटा खातात, ही गोष्ट खरी. पण वीज तोडल्यावर इंजिन आता सावकाश, भारदस्तपणे थांबते. बाहेरून काहीही बदललेले नाही, आणि तरीही आमच्या दृष्टीने ते आता खऱ्या इंजिनाच्या अधिक जवळ गेलेले आहे.

१९९० च्या दशकात यापुढचे पाऊल पडले. जर्मनीच्या लेंझ कंपनीच्या पद्धतीवर आधारलेली अंकीय नियंत्रणाची प्रमाणके, म्हणजे डीसीसी, वर उल्लेखिलेल्या संघटनेने स्वीकारली. रुळांवर सतत १४-१५ व्होल्टचा उलटसुलट होणारा दाब असतो. प्रत्येक अर्धे आवर्तन ५८ मायक्रोसेकंदांचे असेल तर तो 'एक', १०० किंवा अधिक मायक्रोसेकंदांचे असेल तर 'शून्य'. इंजिनातील डिकोडर आपल्या क्रमांकाचा संदेश तेवढा उचलतो. पितळी इंजिनात तो बसवणे जिकिरीचे असते, कारण मूळ रचनेत इंजिनाची चौकट एका रुळातून वीज घेते आणि टेंडर दुसऱ्या. मोटरची एक बाजू थेट चौकटीला जोडलेली. सबंध अंगात वीज खेळत असते. मोटर दोन्ही बाजूंनी अलग केली नाही, तर डिकोडर क्षणात जळतो. वळणावर पुढचे लहान चाक सिलिंडरला टेकले, तरी शॉर्टसर्किट.

डिकोडर एक चतुराई करतो. मोटरला स्पंदांनी वीज देताना मध्येच क्षणभर थांबतो आणि फिरत्या मोटरने स्वतः निर्माण केलेला दाब मोजतो. फिरणारी मोटर जनित्रही असते, हा पाठ्यपुस्तकातला धडा इथे कामाला जुंपलेला आहे. त्यावरून खरा वेग कळतो आणि चढावर वीज वाढवता येते. शिवाय डिकोडरच्या तिसऱ्या आणि चौथ्या नोंदीत आकडे भरून वेग किती संथपणे वाढावा, किती संथपणे उतरावा, हे ठरवता येते. काही जुनी मंडळी याला नकली जडत्व म्हणून नाक मुरडतात. त्यांचे म्हणणे चूक नाही : चक्रातली ऊर्जा खरी असते, डिकोडरमधली संथ गती हे एक गणित आहे. पण आकार दाखवणारी प्रतिकृती, वागणूक दाखवणारी प्रतिकृती आणि वागणुकीचे गणित, असे प्रतिकृतीचे तीन प्रकार एकाच साडेशेचाळीस सेंटीमीटरच्या वस्तूत शेजारी शेजारी नांदताना दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळतात.

आपल्या विज्ञान प्रदर्शनांत काय दिसते? थर्मोकोलचे धरण, निळा रंग दिलेले पाणी, पायथ्याशी जनित्र आणि वर लुकलुकणारा दिवा. दिव्याची वीज टेबलाखालच्या सेलमधून आलेली असते. परीक्षक रंगरंगोटी पाहून शेरा देतात. त्याच प्रदर्शनात कोणी पत्र्याच्या डब्याला तीन भोके पाडून खोलीप्रमाणे पाण्याचा दाब वाढतो हे दाखवत असेल, तर तो कोपऱ्यात राहतो. वास्तविक धरणाची भिंत तळाशी जाड का असते, हे फक्त त्या डब्यालाच सांगता येते. पितळी इंजिनांच्या बाजारात नेमका हाच न्याय चालतो : न रंगवलेले, न चालवलेले, मूळ डब्यातले इंजिन अधिक किमतीला, मोटर बदललेले, चाकांवर धावल्याच्या खुणा असलेले स्वस्त.

न चालवणे म्हणजे जपणे, ही समजूतही तपासून पाहावी. वंगण वर्षानुवर्षे पडून घट्ट होते, मोटर व पेटी जोडणारी नळी कडक होऊन तडकते आणि डब्यातला जुना फोम विरघळून पितळावरच्या लाखेला चिकटतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून बारीक कलाकुसरीची आणि आवाज काढणारी प्लास्टिकची व ओतीव इंजिने बरीच स्वस्त मिळू लागल्यावर साध्या पितळी इंजिनांचे भाव उतरलेही आहेत. गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यांची निराशा झाली. चालवणाऱ्यांची सोय झाली.

कपाटवाल्यांच्या बाजूने एक मुद्दा मात्र वजनदार आहे : ही इंजिने कागदपत्रांसारखी आहेत. 'बिग बॉय'ने १९५९ मध्ये शेवटची मालगाडी ओढली आणि त्यानंतर थेट २०१९ मध्ये ४०१४ क्रमांकाचे इंजिन पुन्हा धावले. मधली साठ वर्षे उभ्या राहिलेल्या आठ इंजिनांखेरीज आराखडे, छायाचित्रे, फिल्म आणि प्रतिकृती एवढाच पुरावा होता. ज्या इंजिनांचा एकही नग भंगारातून वाचला नाही, त्यांच्याबाबत तर पितळी प्रतिकृती हाच एकमेव घनाकृती अवशेष. पण कागदपत्राला तारीख असावी लागते. खऱ्या इंजिनाचे रूप प्रत्येक कारखाना-फेरीत बदले : पंप हलवला, दिवा बदलला, टेंडर दुसरे जोडले. ४००५ क्रमांकाचे इंजिन १९४६ ते १९४८ या काळात प्रयोग म्हणून तेलावर चालले. ४०१४ देखील आता तेलावर चालते. म्हणजे कोळशाचे टेंडर असलेली त्याची प्रतिकृती जुन्या काळासाठी बरोबर आणि २०१९ नंतरसाठी चूक. सुधारणा करणारे हौशी लोक छायाचित्रांच्या तारखा लावून, केमट्रॉन वा कॅल-स्केलसारख्यांचे ओतीव भाग वापरून एखादा पंप दोन मिलिमीटर सरकवतात, तेव्हा ते इतिहासकाराचेच काम करत असतात. आराखड्यावर विसंबून राहणाऱ्या कारखान्यापेक्षा त्यांची भूमिका अधिक चिकित्सक असते.

या दोन बाजूंमधली एक मधली रीत काही जाणत्या मंडळींनी पाडली आहे. काढलेली मूळ मोटर, दंतचक्रे आणि स्क्रू पुडीत बांधून त्याच डब्यात ठेवायचे, चौकटीला नवे भोक शक्यतो पाडायचे नाही, आणि बदल असा करायचा की उद्या कोणाला तो मागे घेता येईल. वस्तुसंग्रहालयांतले जतनतज्ज्ञही याच नियमाने वागतात. आम्ही त्यात एका चिठ्ठीची भर घालू : बदल कोणत्या तारखेला केला, गुणोत्तर किती होते व किती केले, चक्राचे वजन व त्रिज्या काय, कोणत्या रंगाची तार कुठे गेली, आणि वीज तोडल्यावर इंजिन आधी किती सेंटीमीटर जात होते व आता किती जाते.